एनओसी फ्रेममध्ये आहे, पण फॉर्म बी कुठाय?

अग्निशमन दलाचे अधिकारी तपासणीला आले की हॉटेलमालक आधी गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट दाखवतो. "साहेब, फायर एनओसी आहे ना!" साहेब फ्रेमकडे नजर टाकतात आणि विचारतात, "जुलैचा फॉर्म बी दिलात का?" मग मालकाचा फोन अकाउंटंटला, अकाउंटंटचा इमारतीच्या सेक्रेटरीला, आणि सेक्रेटरी लग्नाला गावी गेलेले.

दोन्ही कागद आगीचेच, त्यामुळे गल्लत होते. एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, देतं अग्निशमन दल. नकाशा मंजुरीच्या वेळी ती आधी तात्पुरती मिळते आणि सोबत अटी येतात: जिना किती रुंद, पाण्याची टाकी केवढी, स्प्रिंकलर कुठे. काम पुरं झाल्यावर परवानाधारक एजन्सी फॉर्म ए देते, म्हणजे यंत्रणा बसवल्याचा दाखला. मग अंतिम एनओसी. तिच्यातून कळतं ते एवढंच, की इमारत उभी राहिली तेव्हा सगळं जागेवर होतं.

पुढे पंप गंजतो, पितळी नोझल भंगारात जातात. त्यासाठी फॉर्म बी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. यावर सही दलाची नसते. आपण पैसे देऊन बोलावलेल्या एजन्सीची असते. खरी मेख इथेच आहे. खुर्चीत बसूनही सही होते, आणि सही एजन्सीची असली तरी यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी आपल्यावरच राहते. एजन्सीचा परवाना चालू आहे का, हे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत बघून घ्यावं. आणि हो, एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, बिल म्हणजे फॉर्म बी नव्हे.

मागे एका इमारतीत एजन्सीच्या पोराबरोबर मी पंपरूममध्ये उतरलो. फाइलमध्ये फॉर्म बी ताजा, शिक्का ठसठशीत. पॅनलवर मात्र जॉकी पंपाचा, म्हणजे लाइनमधला दाब टिकवणाऱ्या छोट्या पंपाचा, स्विच 'ऑफ'वर. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "सारखा सुरू व्हायचा, आवाजाने झोप लागंना." कुठेतरी लाइन गळत होती, दाब उतरायचा, म्हणून पंप बिचारा आपलं काम करत होता. गळती शोधायची सोडून पंपच झोपवला! वर गच्चीत हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडला, तर आधी फुस्स हवा आणि मग चहाच्या रंगाचं चमचाभर पाणी.

म्हणून तपासणीची तयारी कागद चाळून होत नाही. पॅनलवरचे स्विच 'ऑटो'वर आहेत ना, ते बघा. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा; सीओटूच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करून बघायचा आणि आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरून घ्यायचा. स्मोक डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळी चढवलेली प्लॅस्टिकची टोपी अजून तशीच असते, आणि अलार्म का वाजत नाही याचं सगळ्यांना नवल वाटतं. बाहेर पडायच्या दाराला कुलूप नको, जिन्यात कांद्याची पोती नकोत. मुंबईत कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले.

भाड्याच्या गाळ्यात एक वेगळीच गंमत. भाडेकरू म्हणतो, "बिल्डिंगची एनओसी आहे की!" आहे, पण ती ऑफिससाठी घेतलेली. तिथे आता तंदूर पेटतो आणि मागच्या पॅसेजमध्ये गॅसची सिलिंडरं उभी आहेत. वापर बदलला की दलाकडे पुन्हा जावं लागतं. इथे फॉर्म बी कितीही वेळेवर दिला तरी उपयोग नाही, कारण ज्या यंत्रणेचा तो दाखला देतो, ती स्वयंपाकघर धरून आखलेलीच नव्हती.