सासवडला जाणारे दोन घाट: बोपदेव आणि दिवे

मागच्या पावसाळ्यात मी आणि माझा एक मित्र, दोघांनी ठरवलं की रविवारी सकाळी सायकलवर सासवड, आणि "घाट संपला की वर भेटू". मी बोपदेवच्या माथ्यावर टपरीशी चहा घेत बसलो, तो दिवे घाटाच्या वर विठ्ठलाच्या मोठ्या मूर्तीपाशी उभा, आणि पाऊण तास दोघंही एकमेकांना फोनवर "अरे मी वरच आहे, तू कुठंय" करतोय. दोघंही खरं बोलत होतो. तेव्हापासून कोणी "सासवडचा घाट" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठला?

कारण दोन आहेत, दोन्ही पुण्याच्या दक्षिण-पूर्वेला, दोन्ही सासवडलाच उतरतात, अंतर पण साधारण सारखंच, तिसेक किलोमीटर, तुम्ही शहरात कुठून निघता त्यावर थोडं कमीजास्त. दिवे म्हणजे हडपसर, फुरसुंगी, वडकी करत जाणारा. बोपदेव म्हणजे कोंढवा, खडी मशीन चौक, येवलेवाडी आणि मग वर. मॅपवर बघितलं तर दोन्ही वळणावळणाच्या रेषा, फोटोत दोन्हीकडं हिरवे डोंगर, त्यामुळं नवीन माणूस हमखास दिवे घाट निवडतो, कारण सगळे सांगतात तिथला चढ सोपा आहे. आणि सोपा आहेच, खोटं नाही ते.

पण सोपा का आहे हे बघा की. दिवे घाट हा मोठ्या गाड्यांचा रस्ता आहे, आता तर नॅशनल हायवे 965, पुढं जेजुरी, फलटण करत पंढरपूरकडं जातो. लोड भरलेला ट्रक चढू शकेल असाच चढ ठेवावा लागतो, म्हणून रस्ता डोंगराच्या कडेकडेनं लांब फिरवत वर नेलाय. आणि ट्रक चढू शकतो म्हटल्यावर ट्रक येणारच ना. तुम्ही ताशी आठ-नऊच्या स्पीडनं दम खात चढताय, मागं दहाचाकी पहिल्या गिअरमध्ये घुरघुरतोय, त्याला तुम्हाला ओलांडता येत नाही, समोरून एसटी येतेय, आणि मग तो प्रेशर ब्रेकचा फुस्स्स आवाज बरोब्बर तुमच्या कानाशी. त्यात पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं काम निघाल्यापासून धूळ आणि डंपर वेगळेच.

बोपदेवला उलटं. तिथला चढ एकदम अंगावर येतो, काही वळणांवर तर पुढची सगळ्यात छोटी चकती आणि मागची सगळ्यात मोठी टाकूनही उभं राहून पायडल मारावं लागतं. चढाचा हिशोब सोपा असतो, शंभर मीटर पुढं गेल्यावर पाच मीटर वर म्हणजे पाच टक्के, तेवढा नवशिक्याला पण गप्पा मारत जमतो, पण आठ-नऊ टक्के झाला की गप्पा बंद. हाच चढ जड गाड्यांना पण नको असतो. अगदी येतच नाहीत असं नाही, पण ज्याला दुसरा रस्ता आहे तो दुसरीकडनं जातो. म्हणजे बोपदेवची शांतता फुकट नाही, मांड्यांनी पैसे भरावे लागतात.

आणि ती शांतता सुरू कुठं होते हे कोणी सांगत नाही. खडी मशीन चौक ते येवलेवाडी हा पट्टा पुण्यातल्या वाईट रस्त्यांपैकी एक, सिमेंट मिक्सर, खड्डे, सगळं. मी तो उजाडायच्या आत संपवतो, लाईट लावून. पुढं घाट सुरू झाला की आपल्याच चेनचा आवाज ऐकू यायला लागतो, कुठंतरी टिटवी ओरडते, मागं वळून बघितलं तर सगळं पुणं खाली धुक्यात, नुसत्या टॉवरांची टोकं वर. माथ्यानंतर भिवरी, बोपगाव, चांबळी अशी गावं, दोन्हीकडं शेतं, आणि खरं सांगायचं तर घाटापेक्षा हाच तुकडा मला जास्त आवडतो. कानिफनाथाचा गडपण इथूनच दिसतो. फक्त रविवारी आठनंतर नको, तेव्हा बुलेटवाले आणि रील्सवाले सगळे तिथंच.

दिवे घाट वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां. खाली मस्तानी तलाव दिसतो तो फक्त तिथूनच, आणि ज्ञानोबांची पालखी याच घाटानं सासवडला जाते, रथाला जादा बैलजोड्या लावून. वारीत तो चालत चढलात तर विसरणार नाही. पण सायकलवर शांत सकाळ हवी असेल तर तो तुमचा रस्ता नाही, एवढंच.

कुठलाही नवीन रस्ता शोधताना मी आता हेच बघतो. रस्त्याला हायवेचा नंबर आहे का, आणि त्याच गावाला जायला ट्रकवाल्याकडं दुसरा सोपा रस्ता आहे का. असेल तर अवघड रस्ता आपला. मग सॅटेलाइट व्ह्यू उघडून कडेला खाणी, क्रशर, गोडाऊन दिसतायत का ते बघायचं, कारण ते असले की रस्ता कितीही छोटा असो, डंपर येणारच.

परत येताना बरेच जण बोपदेवनं चढून दिव्यानं उतरतात, गोल पूर्ण होतो म्हणून. मी नाही करत, उतरल्यावर फुरसुंगी-हडपसरचा ट्रॅफिक सगळा मूड घालवतो. मी बोपदेवनंच परत, सासवडकडनं चढ बऱ्यापैकी हळूहळू आहे. उतारावर मात्र ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते, थोडं दाबायचं थोडं सोडायचं. आणि सिताफळांचा सीझन असेल तर सासवडला कच्चीच घ्या. मी एकदा चांगली पिकलेली सॅकमध्ये टाकली होती, घरी पोचेपर्यंत विंडचीटरसकट सगळ्याची रबडी झाली होती.