घरदुरुस्तीचा सल्ला (स्वतः काम करणाऱ्यांसाठी)

गळका नळ बदलणं, भिंतीची ओल घालवणं, रंग देणं, फळी ठोकणं, फरशीचे सांधे भरणं अशी घरातली कामं कारागीर न बोलावता स्वतःच्या हाताने करायची, आणि त्याआधी ती कशी करायची हे कुणा जाणकाराकडून समजून घ्यायचं, याला घरदुरुस्तीचा सल्ला घेणं म्हणतात. सांगणारा शेजारी असेल, ओळखीचा मिस्त्री असेल, हार्डवेअरच्या दुकानातला माणूस असेल, एखादा व्हिडिओ असेल नाहीतर आता चॅटबॉट असेल, पण यातल्या बहुतेकांनी तुमची भिंत डोळ्यांनी पाहिलेली नसते, आणि सगळी अडचण इथेच आहे. त्यामुळे सल्ला किती कामाचा निघतो हे सांगणाऱ्याच्या अनुभवाइतकंच, कधीकधी त्याहून जास्त, विचारणाऱ्याने काय काय बघून सांगितलं यावर ठरतं.

घरातली कामं घरच्यांनीच करायची हे काही नवीन नाही, पण त्याची माहिती छापील स्वरूपात सर्वांपर्यंत पोचायला लागली ती विसाव्या शतकात. अमेरिकेत 1902 मध्ये पॉप्युलर मेकॅनिक्स हे मासिक निघालं आणि यंत्रं, अवजारं, दुरुस्ती हे सगळं साध्या माणसाला कळेल अशा भाषेत देणं हाच त्याचा बाणा होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1946 मध्ये घरगुती वापरासाठी ड्रिलसारखी विजेवर चालणारी अवजारं बाजारात आणली, आणि जे काम आधी फक्त कारागिराच्या हातचं होतं ते घरमालकाच्या आवाक्यात आलं. 1979 मध्ये बॉस्टनमधून दिस ओल्ड हाउस ही टीव्ही मालिका सुरू झाली, 2005 मध्ये यूट्यूब आलं आणि मग काय, कुठल्याही नळाचा व्हिडिओ मिळायला लागला. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र 2009 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्टिना पोस्टमा यांनी सुरू केलेलं रिपेअर कॅफे, जिथे बिघडलेली वस्तू घेऊन जायचं आणि जाणकाराच्या शेजारी बसून, त्याच्या देखरेखीखाली दुरुस्त करायची, कारण तिथे सांगणारा वस्तू प्रत्यक्ष हातात घेऊन बघतो.

विचारायचं कसं

लोक उपाय विचारतात, दुखणं सांगत नाहीत. "भिंतीला कुठला वॉटरप्रूफ रंग लावू" असा प्रश्न आला की दहा जण दहा रंगांची नावं सांगतात, आणि पाणी येतंय कुठून हे कुणीच विचारत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ओल ही एकच तक्रार वाटली तरी तिची कारणं निदान चार असतात: बाहेरून पावसाचं पाणी मुरणं, भिंतीतला किंवा पलीकडच्या बाथरूमचा पाइप गळणं, जमिनीतून पाणी वर चढणं, आणि घरातल्याच हवेतली वाफ थंड भिंतीवर जमणं. चारही ठिकाणी पोपडे तसेच येतात, डागही तसेच दिसतात, पण इलाज चारही वेगळे. वाफ जमत असेल तर बाहेरून कितीही वॉटरप्रूफिंग करा, काही होणार नाही, तिथे एक्झॉस्ट फॅन लावून आणि खिडकी उघडी ठेवून काम होतं. आणि पाइप गळत असेल तर आतून लावलेल्या रंगाला थोड्याच दिवसांत फुगे येतात किंवा तेच पाणी बाजूला सरकून दुसरीकडून बाहेर पडतं.

म्हणून विचारायच्या आधी थोडं बघून ठेवायचं. डाग पावसाळ्यातच येतो का वर्षभर असतो, जमिनीपासून किती उंचीवर आहे (जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंतच असते आणि वरच्या कडेला क्षारांची पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसते), भिंतीपलीकडे काय आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा किंवा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवायचा आणि एक दोन दिवस तसाच ठेवायचा. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. पाइपचा संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघायचं, तरीही काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. कमोडच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबलं आणि रंग खाली भांड्यात उतरला तर टाकीची झडप गळतेय. यातल्या एकाही तपासणीला खास अवजार लागत नाही, आणि एवढं सांगितलं की सल्ला देणारा अंदाजाने बोलायचं सोडून नेमकं बोलायला लागतो.

फोटो द्यायचे तर एक लांबून आणि एक जवळून, नुसता जवळचा फोटो दिला की तो छताचा आहे का भिंतीचा हेच कळत नाही, आणि शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवलं की आकार कळतो. भिंत कशाची आहे हे सांगणं तर फारच गरजेचं, आणि ते माहीत नसेल तर एखादं बारीक भोक पाडून आधी काय भुकटी पडते ते बघावं. वरचा गिलावा संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट, करडी भुकटी येऊन ड्रिल पुढे सरकेना झालं तर काँक्रीट, पांढरी मऊ भुकटी येऊन ड्रिलचं बिट एकदम आत गेलं तर जिप्सम बोर्ड. यावर बिट कुठलं, गिट्टी (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालायचा प्लग) कुठली, स्क्रू किती लांब हे सगळं अवलंबून असतं, आणि जिप्सम बोर्डवर विटेची साधी गिट्टी वापरून जड कपाट टांगलं तर ते कधीतरी खाली येणारच. कुठेही ड्रिल लावायच्या आधी स्विच आणि नळ यांच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं टाळावं, वायरी आणि पाइप बहुतेक तिथूनच गेलेले असतात.

भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहायची आणि काही महिने बघत राहायचं. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुतेक नुसत्या गिलावा आकसल्याच्या असतात, त्या भरून रंग दिला की झालं. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी, वाढत जाणारी किंवा 5 मिलिमीटरहून रुंद भेग असेल तर सल्ला विचारत बसू नये, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. कॉलम किंवा बीमला भेग पडून गंजाचे डाग दिसत असतील तर रुंदी मोजायचीही गरज नाही, थेट इंजिनिअरलाच बोलवावं.

मिळालेला सल्ला पारखायचा कसा

चांगला सल्लागार ओळखायची सोपी खूण म्हणजे तो आधी उलट प्रश्न विचारतो. "नळ गळतोय" म्हटल्यावर जो लगेच "वॉशर बदला" म्हणतो त्याच्यापेक्षा "तोंडातून गळतोय का दांड्याच्या बुडातून, जुना पिळायचा नळ आहे का एका दांड्याचा" असं विचारणारा केव्हाही बरा, कारण पिळायच्या जुन्या नळात रबरी वॉशर असतो आणि नव्या दांड्याच्या नळात सिरॅमिक कार्ट्रिज, तिथे वॉशर शोधत बसणं फुकट. दोन जाणकारांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर गोंधळून जायचं कारण नाही, बऱ्याचदा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळं घर असतं. दोघांना "का" असं विचारावं. ज्याला कारण सांगता येतं त्याचा सल्ला आपल्या घराला लागू पडतो का हे आपल्याला ठरवता येतं, नुसतं "मी कायम असंच करतो" म्हणणाऱ्याच्या बाबतीत ते ठरवता येत नाही.

सल्ला कुठल्या देशातला आहे हे बघणं वायरिंगच्या बाबतीत तर जिवाशी संबंधित आहे. अमेरिकेत घरातलं साधं सॉकेट 120 व्होल्टचं असतं, जगात बऱ्याच देशांत 230 च्या आसपास. अमेरिकेत काळी वायर फेजची असते, तर ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत काळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल म्हणजे फेज, आणि आताच्या युरोपीय पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. म्हणजे एकाच काळ्या वायरीचा दोन व्हिडिओंत अगदी उलटा अर्थ. शिवाय जुन्या घरात आधीच्या माणसाने हाताला लागली ती वायर जोडलेली असू शकते, त्यामुळे रंगावर कधीच विसंबू नये, मेन बंद करून टेस्टरने बघावं, आणि तो टेस्टर चालतोय हे आधी चालू सॉकेटवर आणि काम झाल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्यावं. नळाच्या आट्यांचंही तसंच, ब्रिटिश आटे 55 अंशांचे आणि अमेरिकन 60 अंशांचे, वरवर बसल्यासारखे वाटतात आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी गळत राहतात.

व्हिडिओत आणखी एक मोठी उणीव असते ती म्हणजे वाट बघणं दिसत नाही. दहा मिनिटांत भिंत तयार झालेली दिसते, पण प्रत्यक्षात सिमेंटचा गिलावा निदान आठवडाभर ओला ठेवावा लागतो, काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी मोजतात, नवीन गिलावा पुरता वाळल्याशिवाय पुट्टी आणि प्रायमर लावले तर पोपडे ठरलेले. रंगाचे दोन हात, टाइलच्या अ‍ॅडहेसिव्हनंतर ग्राउट (सांधे भरायचा मसाला), सिलिकॉन लावल्यावर पाणी सोडणं, सगळीकडे मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हे डब्यावर छापलेलं असतं, आणि सल्ला कितीही अनुभवी माणसाचा असला तरी डब्यावरचं वाचून मगच काम करावं. चॅटबॉटचं उत्तर ठाम आणि नीटनेटकं असतं म्हणून ते बरोबर वाटतं, कामाचा क्रम, अवजारांची यादी, कुणाला काय विचारायचं याची तयारी यासाठी ते खरंच उपयोगी आहे, पण मापं, वायरिंग आणि रसायनं याबाबतीत दुसरीकडे पडताळल्याशिवाय घेऊ नये.

सल्ल्यावर करू नयेत अशी कामं

ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे रंगाच्या छटेपुरतं ठीक आहे, पण काही कामांत लांबून मिळालेला सल्ला आणि आपलं मन दोन्ही पुरत नाहीत. गॅसची पाइपलाइन, मीटर आणि मुख्य वीजपेटी, भार घेणारी भिंत पाडणं ही कामं लायसन्स असलेल्या किंवा शिकलेल्या माणसाचीच. भिंत भार घेते का नाही हे ठोकून येणाऱ्या आवाजावरून कळत नाही, कुणी तसं सांगत असेल तर त्याचं ऐकू नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते कापलं, फोडलं किंवा त्याला भोक पाडलं की न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि त्यांनी फुप्फुसाचे आजार आणि कॅन्सर होतो, तोही कित्येक वर्षांनी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेने घरांसाठी असा रंग 1978 मध्येच बंद केला, अशा भिंतीला किंवा दाराला कोरडा पॉलिश पेपर मारला की शिशाची धूळ घरभर होते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर हा धोका पत्करूच नका, आधी तपासून घ्या.

बाथरूम साफ करायला ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र करायचा सल्लाही फिरत असतो, त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र करू नये. शिडी भिंतीला टेकवताना चार भाग उंचीला एक भाग अंतर ठेवायचं, म्हणजे 4 मीटरवर टेकली तर बूड भिंतीपासून 1 मीटर लांब, आणि कुणीतरी खाली उभं असावं.

काम झाल्यावर

ज्याने सल्ला दिला त्याला काय झालं ते कळवावं, जमलं तरी आणि फसलं तरी, कारण सल्ला देणाऱ्याला आपलं सांगणं पुढे कितपत टिकलं हे एरवी कळत नाही आणि तो तेच पुढच्या माणसाला सांगत राहतो. ओलीच्या बाबतीत तर एक पावसाळा गेल्यावर पुन्हा कळवावं, लगेच सांगितलेल्या निकालाला तिथे फारसा अर्थ नसतो. आणि गिलावा करून भिंत बंद करायच्या आधी आतल्या पाइपांचे आणि वायरींचे मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावेत, सोबत रंगाचा कोड, टाइलचं नाव, कार्ट्रिजचं माप आणि तारीख लिहून ठेवावी, पुढच्या वेळी कुणाला काही विचारायचं झालं तर पहिल्या प्रश्नालाच हे सगळं लागतं.