पोलीस पाटील : ठाण्याचा की प्रांताचा?

पोलीस पाटलांच्या भरतीची जाहिरात निघाली की दर वेळी तोच घोळ होतो. पदाच्या नावात 'पोलीस' आहे, पण जाहिरात निघते प्रांत कार्यालयातून, म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय कार्यालयातून. नेमणुकीच्या आदेशावर सही उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची असते. गावात मध्यरात्री मारामारी झाली तर फोन मात्र ठाण्यातून येतो. या दुहेरीपणाला निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

पेशवाईत गावातल्या चोरीचा तपास पाटलाच्या गळ्यात असे, आणि प्रत्यक्ष पायपीट महार, रामोशी, जागले करत. चोराचा माग शिवेपलीकडे काढून दिला की जबाबदारी पुढच्या गावावर जाई. माग आपल्याच गावात विरला तर भरपाई गावाने भरायची. या व्यवस्थेचे श्रेय पाटलाच्या वाड्याला मिळत आले. खरे तर ती उभी होती ती रात्री गस्त घालणाऱ्या आणि धुळीतले पाऊल ओळखणाऱ्या माणसांवर. त्यांच्या वाट्याला आले ते बलुते, हाडकी-हाडोळ्याच्या (महार वतनाच्या) जमिनी आणि हक्काच्या नावाखालची वेठ.

इंग्रजांनी ही यंत्रणा मोडली नाही, कागदावर आणली. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील हा कायद्याचा माणूस झाला. किरकोळ शिवीगाळ किंवा हाणामारी करणाऱ्याला थोड्या काळासाठी कोंडून ठेवण्याचा अधिकारही त्याला मिळाला. पुढे १८७४ च्या वतन (पिढीजात पद आणि त्याचे हक्क) कायद्याने पाटीलकीच्या वारसाहक्काची चौकट घट्ट केली.

सगळा गुंता शब्दांत आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवे. मुंबई इलाख्यात पाटील दोन : मुलकी आणि पोलीस. मुलकी पाटील कुळकर्ण्याबरोबर सारा वसूल करी, पोलीस पाटील बंदोबस्त पाही. लहान गावात दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत. निजामाच्या मुलखात मुलकी पाटलाला 'माली पाटील' म्हणत. मराठवाड्यात काही घराण्यांना आजही तसेच ओळखतात. त्याचा माळी जातीशी संबंध नाही. 'माल' म्हणजे महसूल, त्यावरून 'माली'.

'गावकामगार' हा त्याहून फसवा शब्द. नव्या पिढीला त्यात मजूर दिसतो. पण जुन्या मराठीत कामगार म्हणजे सरकारी काम पाहणारा, अंमलदार. वतनात तक्षीमदार, म्हणजे हिस्सेदार, अनेक असत, भाऊबंदकी मोठी असे आणि प्रत्येक घर आडनाव-पदवी म्हणून 'पाटील' लावी. त्यांतला प्रत्यक्ष काम पाहणारा तो कामगार पाटील. बाई वतनदार असली तरी काम तिच्या वतीने पुरुष प्रतिनिधीने करायचे, असा शिरस्ता होता. तेव्हा 'गावकामगार पोलीस पाटील' या शब्दांमागे एक भेद होता : हा नुसता घराण्याचा पाटील नव्हे, कामाचा पाटील. वतने गेली आणि हा भेद सांगण्याची गरज संपली, तरी शब्द शिक्क्यांवर आणि घरावरच्या पाट्यांवर राहिला.

स्वातंत्र्यानंतर वतने एकेक करून गेली. कुळकर्णी वतन १ मे १९५१ पासून संपले. महार वतनासारखी कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. महार वतनातून सुटण्यासाठी त्याआधी तीस वर्षे झगडा चालला होता. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद रद्द झाले, कारण ते काम पगारी तलाठ्याकडे जाऊ शकत होते. पोलीस पाटलाला मात्र गावात पर्याय नव्हता. शेवटी १९६७ चा महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम आला. मुंबई, वऱ्हाड-मध्यप्रांत आणि हैदराबादकडून आलेले वेगवेगळे नियम बाजूला पडून राज्यभर एकच पद्धत झाली आणि वारसाहक्क संपला. हा निर्णय निःसंशय योग्य होता.

वादाचा निर्णय दुसराच. वारसा तोडताना नेमणूक आणि शिस्तभंगाचे अधिकार महसूल खात्याकडेच ठेवले गेले. कायद्यात पोलीस पाटील कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या हुकमतीखाली काम करतो. त्याने गावातली गुन्ह्यांची परिस्थिती, रोगराई, लोकांची एकूण स्थिती त्यांना कळवायची. त्याच कलमात तो पोलीस अधिकाऱ्यांना मदत करतो, शांतताभंगाची चाहूल ठाण्याला देतो आणि त्यांचे आदेशही पाळतो. या रचनेची बाजू मांडणारे म्हणतात की पाटील ठाण्याच्या ताब्यात गेला तर गाव त्याला खबऱ्या समजेल आणि त्याच्यासमोर तोंड उघडणार नाही. हे म्हणणे खोटे नाही. पण पंचनाम्याला पंच जमवणे, अनोळखी प्रेताजवळ रात्रभर थांबणे, मिरवणुकीचा मार्ग ठरवताना दोन गटांच्या मध्ये उभे राहणे, ही सगळी कामे ठाण्याचीच आहेत. रात्र पाहणारा साहेब एक आणि मुदत वाढवणारा साहेब दुसरा, ही व्यवस्था पाटलावर अन्याय करते असे मला वाटते.

मोबदल्याची कथाही त्याच कायद्यातून निघते. पोलीस पाटलाला गावात शेती किंवा स्थानिक धंदा करायची मुभा आहे, बाहेर पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. म्हणजे हे काम अर्धवेळ धरलेले, आणि म्हणून मिळते ते मानधन, पगार नव्हे. पंचवीस ते पंचेचाळीस वयाचा, गावातच राहणारा, दहावी झालेला उमेदवार लागतो. नेमणूक मुदतीची असते आणि मुदतवाढ फार तर साठीपर्यंत मिळते. महिलांना आरक्षण मिळाले आणि कधीकाळी स्वतःच्या वतनाचे कामही जिला करू दिले जात नव्हते, तिच्या हातात गावाचा शिक्का आला.

कामे मात्र वाढतच गेली. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मिटवामिटवीच्या बैठकांना पोलीस पाटील हवाच होता. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून कोण आले, कुणाला शाळेत वेगळे ठेवले, याची नोंद गावपातळीवर त्याच्याकडेही आली. १ जुलै २०२४ पासून नवी फौजदारी संहिता लागू झाली, तरी संशयास्पद मृत्यूची खबर देण्याची गावच्या अंमलदाराची जबाबदारी तशीच आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा ६,५०० रुपयांचे मानधन १५,००० केले. नेमणुकीचा आदेश अजूनही प्रांत कार्यालयातूनच निघतो.