गोवरविषयक जनजागृती (मिनेसोटातील सोमाली समाज)

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सोमाली निर्वासित व स्थलांतरित कुटुंबांत गोवर आणि त्याच्या प्रतिबंधक लसीविषयी चालणारे प्रबोधनाचे काम. सोमालियात १९९१ मध्ये यादवी माजल्यावर देशोधडीला लागलेली अनेक कुटुंबे केनियातील छावण्यांमार्गे येथे पोहोचली. मिनिॲपोलिस व आसपास त्यांची अमेरिकेतील सर्वांत मोठी वस्ती आहे.

निर्वासितांमध्ये रोग पसरला की त्यांच्या अज्ञानाकडे बोट दाखवले जाते. येथे तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००४ मध्ये दोन वर्षांच्या सोमाली बालकांपैकी सुमारे ९२ टक्के बालकांना गोवर, गालगुंड व रुबेला यांवरची एमएमआर लस मिळालेली होती. २०१४ पर्यंत हे प्रमाण ४२ टक्क्यांवर घसरले. गोवरची साथ रोखायला साधारण ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते.

घसरणीचे मूळ स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) भीतीत होते. स्वमग्न मुलांच्या शाळापूर्व विशेष वर्गांत आपली मुले जास्त दिसतात, हे २००८ च्या सुमारास पालकांच्या लक्षात आले. असे का, या त्यांच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळेना. ती पोकळी लसविरोधी प्रचाराने भरून काढली. एमएमआरचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ मधील लेख ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरीही त्यानंतर खुद्द वेकफील्ड मिनिॲपोलिसला येऊन सोमाली पालकांना भेटले. २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत स्वमग्नतेचे प्रमाण सोमाली मुलांत ३२ पैकी एक, तर गोऱ्या मुलांत ३६ पैकी एक, म्हणजे जवळपास सारखेच आढळले. मात्र स्वमग्न सोमाली मुलांत बौद्धिक अक्षमतेचे प्रमाण अधिक होते. पालकांची काळजी खरी होती. तिचे खापर मात्र लसीवर फुटले.

२०११ मध्ये गोवरचा लहान उद्रेक झाला. एप्रिल २०१७ मध्ये मोठा सुरू झाला आणि ऑगस्टअखेर आटोक्यात येईपर्यंत राज्यात ७५ रुग्ण नोंदले गेले. त्यांत बहुसंख्य लस न घेतलेली सोमाली बालके होती. मृत्यू एकही झाला नाही. उद्रेक चालू असतानाही लसविरोधी गट सभा घेत होते.

या काळात छापील पत्रकांपेक्षा तोंडी संवाद उपयोगी पडला. सोमाली समाजात बातमी आणि सल्ला बोलण्यातूनच पसरतो. आरोग्य विभागाने इमामांना सोबत घेतले, मशिदींत व सामुदायिक केंद्रांत बैठका घेतल्या, सोमाली बोलणारे आरोग्यसेवक नेमले. मायदेशी गोवरने मुले दगावताना पाहिलेल्या आजी-आजोबांच्या शब्दालाही वजन होते. अमेरिकेत वाढलेल्या तरुण आयांनी तो रोग पाहिलेलाच नव्हता. लशींची मागणी कित्येक पटींनी वाढली.

तरी एक अडचण उरतेच. पहिली मात्रा बारा ते पंधरा महिन्यांच्या वयात द्यायची असते, आणि मूल नुकते बोलू लागण्याचा काळही तोच. पुष्कळ पालक लसीला थेट नकार देत नाहीत. लसीने मुलाचे बोलणे अडेल या भीतीने ते ‘मूल नीट बोलू लागले की देऊ’ म्हणतात. ही मुले नंतर लस घेतात, पण मधली दोन-तीन वर्षे गोवरपासून संरक्षणाविना राहतात. अशा पालकांशी गोवरबद्दल बोलताना स्वमग्नतेचा विषय टाळून चालत नाही. मुलाचे बोलणे उशिरा का येते आणि मदत कुठे मिळते, हेही त्याच बैठकीत सांगावे लागते. २०२४ मध्ये राज्यात पुन्हा गोवर पसरला, तेव्हाही सर्वाधिक झळ लस न मिळालेल्या सोमाली मुलांनाच बसली.