हिऱ्याचा नकाशा गारेवर का बसत नाही

आमच्याकडं विहीर खोदताना मुरूम संपला की मांजऱ्या (भोकाभोकांचा काळा खडक) लागतो, अन् मांजऱ्या फोडताना कधीकधी मधी पोकळी निघते, पोकळीत गारा, म्हणजे क्वार्ट्झचे स्फटिक. मागच्या उन्हाळ्यात घनसावंगीकडं मामाच्या विहिरीचं काम चालू होतं, मी दोन गारा हातात घेऊन उजेडात धरून बघत बसलो तर मामा म्हणे, "गारगोट्याच की रे त्या, पायजे तर ट्रॉलीभर ने." ट्रॉली नाही पण चार स्वच्छ तुकडे खिशात टाकून संभाजीनगरला आणले, नेटवरून राउंड ब्रिलियंटचा, म्हणजे हिऱ्याच्या नेहमीच्या गोल कटाचा डायग्राम उतरवला, तीन रात्री पैलू पाडायच्या मशीनवर बसलो. पॉलिश झकास आली. खडा पेपरवर ठेवला तर बरोबर मधोमध खालची अक्षरं दिसतायत! याला विंडो म्हणतात, म्हणजे वरून आत गेलेला उजेड परत डोळ्याकडं यायच्या ऐवजी बुडातून निघून गेला. चूक हाताची थोडी होती, पण जास्त चूक डायग्रामची, कारण तो हिऱ्यासाठी काढलेला होता. हे असं का होतं ते समजून घ्यायला बरंच मागं जावं लागतं.

खड्यांचा धंदा आमच्या भागाला नवा नाही. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक व्यापारी पुस्तकामधी पैठण आणि तेर दोन्ही आहेत, पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड मोप भडोच बंदराकडं जायचा. तेरच्या लामतुरे म्युझियममधी जुने मणी ठेवलेत, कधी गेलात तर नुसतं भोकाकडं बघा, एवढ्या कडक दगडात एवढं सरळ भोक. पण त्या कारागिराला अँगलची चिंता नव्हती. अकीकाच्या आरपार दिसत नाही, उजेड आत जाऊन परत यायचा प्रश्नच नाही, वरची चमक आणि आकार जमला की काम झालं.

हिऱ्याचं वेगळं. हिरा आपल्याकडचाच, पण आपल्या कारागिराचं गणित वजनाचं होतं. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जव्हेरी सुरतेहून दौलताबाद, औरंगाबाद करत गोवळकोंड्याला गेला, त्यानं लिहून ठेवलंय की खडा स्वच्छ असेल तर इथले लोक वरखाली नुसता सानेला लावतात, वजन जाईल म्हणून आकार द्यायच्या भानगडीत पडत नाहीत, आणि डाग असेल तर मात्र सगळीकडून पैलू पाडून डाग झाकतात. लोक याला अडाणीपणा म्हणतात, मला नाही पटत. ज्याची किंमत वजनावर ठरते तो माणूस अजून काय करणार? उलटं उदाहरण कोहिनूरचं, लंडनला नेला, 1852 साली तिथं पुन्हा कापला तर 186 कॅरेटचा 106 च्या आत आला. चमक वाढली, पण जवळजवळ निम्मा दगड धूळ झाला.

युरोपात आधी टेबल कट (वर सपाट), मग रोझ कट (खाली सपाट, वर घुमट) आणि पुढं ब्रिलियंट असं होत गेलं, आणि हिऱ्याचा आकार गाजला की लगेच तोच बाकीच्यांवर चढवायची हौस. अठराव्या शतकात पॅरिसच्या स्त्रासनं शिसं घातलेल्या काचेचे नकली हिरे केले तेही हिऱ्यासारखेच कापून. आपल्याकडचा अमेरिकन डायमंड, म्हणजे झिर्कोनिया, 1970 च्या दशकात बाजारात आला, त्याला मात्र हिऱ्याचा कट बऱ्यापैकी शोभतो कारण तो उजेड जवळपास तेवढाच वाकवतो.

सगळी मेख या वाकवण्यात आहे. हिऱ्याचा वक्रीभवनांक 2.42, झिर्कोनियाचा साधारण 2.16, नीलम-माणकाचा 1.76 आणि आपल्या गारेचा फक्त 1.54. त्यावरून क्रिटिकल अँगल ठरतो, हिऱ्याचा 24.4 डिग्री, नीलमचा साधारण 34.6, गारेचा 40.4. उजेड खालच्या पैलूवर यापेक्षा जास्त तिरपा आदळला तर परत फिरतो, कमी तिरपा आदळला की सरळ बाहेर. 1919 साली मार्सेल टोल्कोव्स्कीनं हिऱ्याचं गणित मांडलं, खालचे मुख्य पैलू 40.75 डिग्री, वरचे 34.5, आणि हेच आकडे पुढं सगळीकडं फिरले. वरून सरळ आलेला उजेड खालच्या पैलूवर त्या पैलूच्या अँगलएवढाच तिरपा आदळतो, म्हणून हिऱ्यात 24.4 आणि 40.75 मधी भरपूर जागा आहे. गारेत 40.4 आणि 40.75, म्हणजे अर्धी डिग्रीसुद्धा नाही, खडा जरा कलला की गळती सुरू. माझी तर मशीनच अर्धी डिग्री इकडंतिकडं होती.

मग म्हणलं सगळ्या अँगलमधी सारखे आकडे मिळवू, झालं. तसं होत नाही, इथंच नवशिके फसतात (मीही). वरचे मुख्य पैलू 35 वरून 42 ला न्यायचे असले तर 20 डिग्रीचा स्टार पैलू (टेबलाला, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूला, लागून असलेला छोटा पैलू) 27 वर न्यायचा नाही, तो 25 च्या आसपासच येतो. कारण वरून दिसणारा नकाशा तोच ठेवायचा तर अँगल नाही, अँगलचा टँजंट सारख्या प्रमाणात वाढवावा लागतो. 42 चा टँजंट भागिले 35 चा, आले 1.286, त्यानं प्रत्येक वरच्या पैलूच्या टँजंटला गुणायचं अन् पुन्हा अँगल काढायचा. इंडेक्सचे आकडे (खडा गोल फिरवून कुठं थांबवायचा ते) तेच राहतात, कोपरे जिथं भेटत होते तिथंच भेटतात, फक्त वरचा भाग उंच होतो. सरसकट 7 मिळवले तर टोकं एकमेकांना चुकवून जातात, आणि ती भेटवायला माणूस घासत बसतो अन् खडा बारीक होत जातो. आता जेमकॅडसारखं सॉफ्टवेअर हे क्षणात करून देतं, पूर्वीचे शौकीन लोक टँजंटचं कोष्टक बघून कागदावर करायचे.

पण सॉफ्टवेअरला दगडाचा स्वभाव कळत नाही. जालन्याकडच्या खाणीत अपोफिलाइट निघतो, दिसायला पाण्यासारखा, वक्रीभवनांक गारेच्या जवळच, म्हणून गारेचे अँगल चालतील असं वाटतं. चालतात पण, तोवर जोवर तो एका दिशेनं पानासारखा सुटत नाही. टोपाझमधी पण तसंच, म्हणून टेबल त्या सुटायच्या दिशेपासून पाच-सात डिग्री कलता धरतात, नाहीतर पॉलिशच बसत नाही. पाचूला कोपरे तोडलेला पायऱ्यांचा कट आला तो त्याचे कोपरे ठिसूळ म्हणून. गडद गोमेद खोल कापला तर नुसता काळा दिसतो.

दुसऱ्या तुकड्याला खालून 43 अन् वरून 42 धरलं, पॉलिशला सिरियम ऑक्साइड. पेपरवर ठेवला, अक्षरं गेली. हिऱ्यासारखे रंग काही उडत नाहीत, गारेत ते फारच कमी असतात, पण पांढरा उजेड भरून येतो. मामाला दाखवायला नेला तर त्यांनी उन्हात फिरवून फिरवून बघितला, म्हणे, "हा आपल्या विहिरीतला? अन् बाकीच्या गारा मी बांधाला टाकल्या की रे सगळ्या!"