पोटनिवडणूक

आमदार-खासदाराची मुदत संपायच्या आधीच जागा रिकामी झाली की फक्त त्या एका मतदारसंघात मतदान घेतात, ती पोटनिवडणूक. कारण निधन असेल, राजीनामा असेल, अपात्रता असेल, नाहीतर एकच माणूस दोन ठिकाणी निवडून आला म्हणून एक जागा सोडतो तेव्हाही घ्यावी लागते. जिंकणाऱ्याला नवी पाच वर्षं मिळत नाहीत, आधीच्याची उरलेली मुदत तेवढी मिळते.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १५१ए प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून ६ महिन्यांत पोटनिवडणूक झालीच पाहिजे. सूट दोनच बाबतीत, उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा एवढ्या वेळात निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी बोलून प्रमाणित केलं तर. खरी गडबड इथेच होते. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला वारले, लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती म्हणजे वर्षाहून जास्त, तरी पुण्यात पोटनिवडणूक लागलीच नाही, आयोग म्हणाला आम्ही सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत आहोत. डिसेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने ताबडतोब निवडणूक घ्या असा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली आणि पुण्यासारखं शहर वर्षभराहून जास्त काळ खासदाराविना राहिलं, हे अजिबात पटण्यासारखं नाही. अकोला पश्चिमला उलटं झालं, तिथे आयोगाने तारीख जाहीर केली होती पण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली, कारण नव्या आमदाराला वर्षसुद्धा मिळणार नव्हतं.

निकालाचं म्हणाल तर दिवंगत नेत्याच्या घरातल्या माणसाला तिकीट देणं नेहमीचंच. अंधेरी पूर्वला २०२२ मध्ये रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके उभ्या राहिल्या, भाजपने उमेदवार मागे घेतला, आणि दुसऱ्या नंबरवर नोटा (म्हणजे ‘यापैकी कोणीही नको’ हा पर्याय) आला, १२,८०६ मतं! पुण्याच्या कसब्यात मात्र २०२३ मध्ये दिवंगत आमदार मुक्ता टिळकांच्या जागी भाजपने घरातल्या कोणाला नाही, हेमंत रासनेंना उभं केलं आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास ११ हजारांनी निवडून आले, भाजपचा इतक्या वर्षांचा गड गेला. २०२४ च्या विधानसभेला रासनेंनी तो परत घेतला.