‘पाण्यावर चालणारी गाडी’ : एका जुन्या दाव्याची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजन फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रावर, चालणारी बस दाखवण्यात आली. केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून ती विकसित केली होती. त्या बसमधून धुराऐवजी पाणी बाहेर पडतं. तोंडातोंडी फिरताना मात्र अशी बातमी उलटी होते आणि ‘पाण्यावर चालणारी बस’ म्हणून पुढे जाते. हा गोंधळ साधा नाही, कारण त्याच्या आडोशाने शंभर वर्षं लोकांचे पैसे गेले आहेत.

हायड्रोजन जळला की पाणी होतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८३ मध्ये मांडलं. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. १८०० मध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी विजेने पाणी फोडून दाखवलं, आणि तेव्हापासून ‘मग तोच वायू जाळू’ ही कल्पना मोह घालते. हिशेब लाइट बिलातल्या युनिटांनीच करू. एक किलो हायड्रोजन जाळून जास्तीत जास्त ३९ युनिट उष्णता मिळते. तो पाण्यातून काढायलाही किमान तेवढीच ऊर्जा लागते. प्रत्यक्षात यंत्रं पन्नासच्या वर युनिट खातात. पाणी फोडून निघालेला वायू इंजिनात सोडणाऱ्या, बॉनेटखाली बसवायच्या ‘एचएचओ किट’चंही तेच. पाणी फोडणारी वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोल पितं. अशाने अ‍ॅव्हरेज वाढणार कुठून?

१९१६ मध्ये न्यूयॉर्कजवळ लुई एनरिक्टने पाण्यात हिरव्या द्रवाचे थेंब टाकून पत्रकारांसमोर गाडी चालवली होती. पुढे आपली गाडी पाण्यावर चालते असं सांगणारा अमेरिकेतल्या ओहायोचा स्टॅन्ली मायर आला. दोन गुंतवणूकदारांनी खटला भरला. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा उघड फसवणूक ठरवून २५ हजार डॉलर परत करायला लावले. १९९८ मध्ये तो अचानक वारला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं शवविच्छेदनात निघालं, तरी ‘तेलवाल्यांनी संपवला’ ही कहाणी आजही सांगितली जाते.

आपल्याला जवळचं उदाहरण रामर पिल्लैचं. तमिळनाडूतला हा तरुण १९९६ मध्ये पाण्यात पाला उकळून पेट्रोल करतो म्हणून देशभर गाजला. काही शास्त्रज्ञही आधी भारावले, याचं मला फार वाईट वाटतं. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत त्याला ते जमलं नाही. तो विकत होता ते पेट्रोलियम पदार्थांचंच मिश्रण निघालं आणि २०१६ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. मधली वीस वर्षं त्याला हिरो मानणारे होतेच.

पुण्यात तर वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्थाच आहे. त्यामुळे किट विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : किट लावून आणि काढून, त्याच गाडीचं अ‍ॅव्हरेज सीलबंद टाकीवर कोणी मोजलं, आणि तो अहवाल कुठे आहे?